दूध संस्थांच्या हिशोबासाठी क्लाउड सर्व्हर: आम्ही डिजिटलओशनचं बेंगळुरू का धरलं

आधी निकाल सांगते, मग कारणं. गावोगावच्या दूध संस्थांचं संकलन आणि दहा दिवसांचं बिल सांभाळणारं आमचं सॉफ्टवेअर सध्या डिजिटलओशन या सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या बेंगळुरूतल्या सर्व्हरवर चालतं. त्याचा बॅकअप रोज रात्री जर्मनीत हेट्झनर या दुसऱ्या कंपनीकडे जातो. एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची) मुंबई आम्ही नीट तपासली. तिच्या काही गोष्टी खरोखर वरचढ आहेत, तरी तूर्त ती बाजूला ठेवली. ही निवड आमच्या कामापुरती योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. तुमचं काम वेगळ्या चालीचं असेल तर उत्तरही वेगळं निघेल, म्हणून आमचं काम कसं चालतं तिथूनच सुरुवात करते.

आम्ही दोघं, मी आणि माझा मामेभाऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आणि थोड्या सीमाभागातल्या शंभराच्या आसपास प्राथमिक दूध संस्था आमच्याकडे आहेत. पहाटे साडेपाचपासून संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग लागते. उत्पादकाचा कोड नंबर टाकायचा, म्हैस की गाय ते निवडायचं, काट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) येतात, दरपत्रकातून दर लागतो आणि पावती निघते. एका माणसामागे वीस-पंचवीस सेकंद. संघाची गाडी यायच्या आत सगळं उरकायचं असतं. संध्याकाळी पुन्हा हेच. मधल्या वेळात सर्व्हरला जवळजवळ काम नसतं. महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला मात्र बिलं निघतात. पशुखाद्याची कपात, उचल, शेअरची रक्कम, सगळं वजा होऊन कुणाच्या खात्यावर किती जमा करायचे याची यादी बँकेला जाते. आणि वर्षातून एकदा, दिवाळीआधी, दूध दर फरकाचा (वर्षभराच्या दुधावर उत्पादकांना मिळणाऱ्या जादा रकमेचा) हिशोब असतो. तेव्हा अख्ख्या वर्षाच्या पावत्या पुन्हा चाळाव्या लागतात.

आता याचा आकडा मांडू. शंभर संस्था, प्रत्येकी १५० ते २०० उत्पादक, म्हणजे एका वेळच्या १५ ते २० हजार पावत्या, त्याही दोन-अडीच तासांत. सेकंदाला सरासरी २ ते ३, ऐन गर्दीत ८ ते १०. ऐकायला मोठं वाटतं, पण डेटाबेसच्या दृष्टीनं हे किरकोळ काम आहे. दोन कोर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आणि ४ जीबी रॅमचा सर्व्हर यात गुदमरायचं काही कारण नाही. तरीही आधीच्या जागी सकाळी सात-सव्वासातला सचिवांचे फोन यायचे, "ताई, नुस्तं गोल फिरतंय, पावती येईना. माणसं थांबल्यात."

ती आधीची जागा म्हणजे एक देशी पुरवठादार. त्याचं नाव देत नाही, कारण स्वस्त सर्व्हर विकणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे घडू शकतं. कागदावर सर्व्हर उत्तम होता. चार कोर, ८ जीबी रॅम, किंमत इतरांच्या निम्मी. पण लिनक्सवर टॉप किंवा व्हीएमस्टॅट ही सर्व्हरवरचा भार दाखवणारी साधनं चालवली की शेवटाकडे एसटी नावाचा एक रकाना दिसतो. त्याला स्टील टाइम म्हणतात. आपल्या आभासी सर्व्हरला काम करायचं होतं, पण खालच्या खऱ्या यंत्रानं त्या वेळी प्रोसेसर दुसऱ्याच ग्राहकाला दिलेला होता, अशा वेळेची ही टक्केवारी. सामाईक विहिरीवर पाळी आपली असावी आणि मोटर शेजाऱ्याची चालू असावी, तसं. रात्री अकराला हा आकडा शून्याजवळ असायचा आणि सकाळी सातला २० ते ३० टक्क्यांवर जायचा. चार कोर विकत घेतलेले, आणि गरजेच्या वेळी त्यातले जेमतेम तीन हातात. तक्रार केली की उत्तर यायचं, "आमच्या बाजूनं सर्व सुरळीत आहे." शेवटी निघताना डिस्कची पूर्ण प्रतही त्यांनी दिली नाही. डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातल्या डेटाची प्रत, आमच्याकडे रोज असायचा म्हणून अडलं नाही.

यातून मी धरलेला नियम असा, की सर्व्हर तपासायचा तो आपल्या गर्दीच्या वेळी, आपल्याच कामानं. मोठ्या पुरवठादारांकडे वापरलेल्या वेळेपुरतंच बिल होतं, त्यामुळे हे परवडतं. प्रत्येकाकडे एकेक सर्व्हर घेतला, सगळीकडे उबंटू लिनक्सची तीच आवृत्ती, तोच पोस्टग्रेस डेटाबेस, तोच डेटा. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ व्हीएमस्टॅटची नोंद फाइलीत लिहीत ठेवली, आणि जुन्या दिवसाच्या पावत्या त्याच वेगानं पुन्हा पाठवल्या. दोन आठवडे असं चालवलं की पुरवठादाराची चाल कळते. एका दुपारी घेतलेल्या मोजमापावरून काहीही कळत नाही.

तपासणीत दुसरी गोष्ट पाहिली ती डिस्कची. पावती पक्की झाली असं सांगण्याआधी पोस्टग्रेस ती डिस्कवर खरोखर लिहिली गेल्याची खात्री करून घेतो. ही खात्री किती लवकर मिळते यावर आमचं सगळं अवलंबून आहे. जाहिरातीत डिस्कचा वेग सेकंदाला इतके मेगाबाइट असा लिहिलेला असतो. तो आकडा मोठ्या फाइली हलवणाऱ्यांच्या कामाचा. आम्हाला हवं ते छोटं, पण लगेच पक्कं होणारं लिखाण. पोस्टग्रेससोबतच पीजी टेस्ट एफसिंक नावाचं छोटं साधन येतं, त्यानं हे दोन मिनिटांत मोजता येतं. डिजिटलओशनच्या साध्या सर्व्हरवर डिस्क त्याच यंत्रातली एसएसडी असते, आणि तिचा निकाल आमच्या गरजेच्या कित्येक पट चांगला आला. एडब्ल्यूएसच्या ईसी२ या सर्व्हर सेवेत डिस्क सहसा ईबीएसची, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली असते. दर लिखाणाला तिथे थोडा जास्त वेळ लागतो. पण तिच्या जीपी३ प्रकारात डिस्क लहान असली तरी ३,००० आयओपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढी वाचनं-लिखाणं, मिळतातच, त्यामुळे आमचं काम तिथेही आरामात झालं. शिवाय सर्व्हरचं यंत्र बिघडलं तरी ईबीएसची डिस्क वेगळी राहते आणि दुसऱ्या सर्व्हरला जोडता येते. ही सोय मोठी आहे. एडब्ल्यूएसच्या बाजूनं माझ्या मनात सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता.

सर्व्हर कुठे असावा याचा मोह सगळ्यांना जर्मनीकडे ओढतो. हेट्झनरचे फाल्केनश्टाइन, न्युरेम्बर्ग आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीतले सर्व्हर पैशाच्या मानानं इतके भक्कम आहेत की तक्ता पाहिल्यावर दुसरीकडे बघावंसं वाटत नाही. पण प्रकाशाला फायबरमधून जायला सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरचीच मर्यादा आहे, आणि आपल्याकडून युरोपला जाणारी बहुतेक वाहतूक अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र असा वळसा घेते. जाऊन-येऊन १२० ते १५० मिलिसेकंद लागतात. नवीन जोडणी करताना टीसीपीची एक फेरी (जोडणी जुळवायला), टीएलएस १.३ ची एक (ती कूटबद्ध करायला) आणि प्रत्यक्ष विनंतीची एक, अशा तीन फेऱ्या पडतात. म्हणजे सर्व्हरनं काही करायच्या आतच ४०० मिलिसेकंद गेले. त्यात डोंगरातल्या गावचं ४जी मिळवा. कार्यालयातल्या फायबरवर हे जाणवत नाही. राधानगरीकडच्या एखाद्या वाडीतल्या संस्थेत जाणवतं, कारण तिथे जोडणी दर थोड्या वेळानं तुटते आणि या तिन्ही फेऱ्या नव्यानं कराव्या लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू ४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारत आणि युरोपमधली वाहतूक मंदावली होती. दूध त्या दिवशीही सकाळी साडेपाचलाच येतं. म्हणून चालता सर्व्हर भारतातच हवा, यावर आम्हा दोघांत कधी वाद झाला नाही.

भारतात पर्याय भरपूर आहेत. एडब्ल्यूएस मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहे. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणे, २०१५ पासून. गुगल मुंबई आणि दिल्लीत आहे. लिनोड मुंबईत २०१९ ला आलं. पुढे २०२२ मध्ये अकामाईनं ते विकत घेतलं. व्हल्टरचे सर्व्हर मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूला मिळतात. डिजिटलओशनचं भारतातलं ठिकाण बेंगळुरू, तेही २०१६ पासूनच. नकाशावर कोल्हापूरला मुंबई जवळ आणि बेंगळुरू लांब. पण मोबाइल कंपनीवरून निघालेलं डेटाचं पॅकेट आधी तिच्या मोठ्या केंद्रावर जातं आणि मग पुढे, त्यामुळे प्रत्यक्षात मोजूनच बघावं लागतं. आम्ही संस्थेतल्याच सिमकार्डांवरून मोजलं. मुंबई १५-२० मिलिसेकंदांनी जवळ पडली. पावतीला तेवढ्यानं काही फरक पडत नाही.

आता एडब्ल्यूएसच्या टी३ या सर्व्हर प्रकाराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो आमच्यासारख्या कामासाठीच केल्यासारखा आहे आणि नीट समजून न घेता लोक त्याला नावं ठेवतात. टी३ मीडियमला दोन व्हीसीपीयू (आभासी कोर) आणि ४ जीबी रॅम असते, पण ते दोन्ही कोर सतत पूर्ण वापरण्यासाठी नसतात. प्रत्येक कोरचा २० टक्के वापर हा त्याचा पाया. त्यापेक्षा कमी वापर झाला की क्रेडिट साठतात, जास्त झाला की खर्च होतात. एक क्रेडिट म्हणजे एक कोर एक मिनिट पूर्ण क्षमतेनं. या आकाराला तासाला २४ क्रेडिट मिळतात, म्हणजे दिवसाला ५७६, आणि साठवण्याची कमाल मर्यादाही ५७६ च.

आमची दोन्ही वेळची गर्दी मिळून पाच तास. तेव्हा दोन्ही कोर सरासरी ४० टक्के वापरात धरले, तर ५ तास गुणिले १२० कोर-मिनिटं गुणिले ०.४, म्हणजे २४० क्रेडिट. दुपार आणि रात्र रिकामी. बिलाच्या तारखेला दोन्ही कोर तासभर पूर्ण चालले तर आणखी १२०. तरी हिशोब ५७६ च्या आतच राहतो. दिवसभर सारखं चालणारं काम असेल, समजा व्हिडिओवर प्रक्रिया किंवा सतत आकडेमोड, तर हाच सर्व्हर चुकीचा ठरेल. टी३ ला मूळ रचनेतच अनलिमिटेड पद्धत चालू असते, त्यामुळे क्रेडिट संपल्यावर वेग कमी होत नाही, जादा वापराचे पैसे लागतात. ते नको असेल तर स्टँडर्ड पद्धत निवडता येते. ज्यांचं काम आमच्यासारखं सकाळ-संध्याकाळ उसळतं, त्यांनी हा हिशोब स्वतः मांडून पाहावाच.

मग एडब्ल्यूएस का नाही? मुख्यतः बिलाची रचना. डिजिटलओशनकडे २ कोर, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क आणि महिन्याची ४ टीबी वाहतूक, सगळं मिळून २४ डॉलर. आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) त्यातच. एडब्ल्यूएसकडे सर्व्हर वेगळा, डिस्क वेगळी, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या पुढे. मी हिशोब केला तेव्हा तेवढ्याच क्षमतेला मुंबईत एकूण ४० डॉलरच्या वर जात होतं. वर्षभराची बांधिलकी घेतली तर ते बरंच उतरतं, पण बांधिलकी आली. बाहेर जाणाऱ्या डेटाचे महिन्याला पहिले १०० जीबी मोफत असतात, आणि आमच्या पावत्या त्यातच बसतात, म्हणून तिथे आम्हाला धास्ती नाही. फोटो किंवा व्हिडिओ देणाऱ्यांनी मात्र सावध असावं. मुंबईतून पुढच्या प्रत्येक जीबीला साधारण ११ सेंट लागतात, म्हणजे महिन्याला एक टीबी गेला तर शंभर डॉलरच्या घरात. एडब्ल्यूएसचंच लाइटसेल ठरावीक किमतीत मिळतं आणि ते सोपंही आहे. फक्त मुंबईला त्यातली वाहतुकीची मर्यादा इतर बहुतेक ठिकाणांच्या निम्मी असते, हे तक्त्याखाली लिहिलेलं असतं, ते वाचावं.

दोन माणसांच्या धंद्यात महिन्याचं बिल आधी सांगता येणं ही गोष्ट मी फार मोलाची मानते. संस्थेकडून आम्ही दरमहा ठरावीक रक्कम घेतो. सचिव ती मासिक सभेत मांडतात, तिथे चेअरमनपासून सगळे विचारतात. आमचा खर्च हलता असेल आणि उत्पन्न ठरलेलं असेल, तर तो ताण शेवटी सेवेवर पडतो.

पैसे भरण्याची बाजू मात्र एडब्ल्यूएसची सरस आहे, हेही लिहायला हवं. भारतीय ग्राहकाला त्यांच्या भारतीय कंपनीकडून रुपयांत, जीएसटीसह बिल मिळतं. आमच्या सीएनी हेच सुचवलं होतं. डिजिटलओशनचं बिल डॉलरमध्ये. जीएसटी क्रमांक दिला नाही तर ते १८ टक्के लावतात. दिला तर रिव्हर्स चार्जखाली कर आपण भरायचा आणि पुढे वजावट घ्यायची. त्यावर कार्डवाल्या बँकेचा परकीय चलनाचा आकार, अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे २४ डॉलर हे प्रत्यक्षात २४ डॉलर नसतात. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाल्यावर परदेशी सेवांना कार्डावरून आपोआप पैसे जाण्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मी दोन-तीन महिन्यांची रक्कम खात्यात आगाऊ भरून ठेवते आणि शिल्लक कमी झाली की कॅलेंडरवर आठवण येते. बिल थकल्यामुळे सर्व्हर बंद पडण्याची भीती मला यंत्र बिघडण्यापेक्षा जास्त वाटते. ज्यांना डॉलरच नको आहेत त्यांनी ई२ई नेटवर्क्ससारखी भारतीय कंपनीही पाहावी. ती एनएसईवर नोंदलेली आहे आणि व्यवहार रुपयांत होतो.

लिनोड आणि व्हल्टरबद्दल वाईट बोलण्यासारखं मला काही सापडलं नाही. किमती जवळपास त्याच, चालही चांगली. आम्ही डिजिटलओशन घेतलं त्याचं कारण त्यांची लिहिलेली मार्गदर्शनं. रात्री उशिरा पोस्टग्रेसची आवृत्ती बदलताना किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं काही अडलं असताना उत्तर बहुतेक वेळा तिथे सापडतं, आणि ते पायरीपायरीनं, नीट तपासून लिहिलेलं असतं. मामेभाऊ हे सगळं तिथूनच शिकला. कंपनीनं इतकी वर्षं त्यावर मेहनत घेतली आहे, त्याबद्दल मला खरा आदर आहे.

दुसरं कारण दिवाळी. दूध दर फरकाच्या आठवड्यात आम्ही सर्व्हर मोठा करतो आणि काम झालं की पुन्हा लहान करतो. डिजिटलओशनवर आकार बदलताना दोन पर्याय येतात. फक्त प्रोसेसर आणि रॅम वाढवली तर नंतर मागे येता येतं. डिस्कही वाढवली तर मागे येता येत नाही. हे नीट वाचून पहिला पर्याय निवडायचा. सर्व्हर काही मिनिटं बंद करावा लागतो, म्हणून ते दुपारी एक ते तीनमध्ये. त्या आठवड्यात संस्थेचे लोक यादीची वाट बघत असतात, कारण त्यावर घरातली दिवाळी ठरते. बाई येऊन विचारतात, "औंदा फरक किती बसला?" त्यांना आकडा सांगता यावा म्हणून चार दिवस जादा पैसे द्यायला मला काहीच वाटत नाही.

उणिवाही आहेत. भारतात डिजिटलओशनचं ठिकाण एकच. एडब्ल्यूएसच्या मुंबईत एकमेकांपासून वेगळी अशी तीन उपलब्धता क्षेत्रं आहेत; एक पडलं तर दुसऱ्यावर काम नेता येतं. मोठ्या संघानं, बँकेनं किंवा दवाखान्यानं तेच घ्यावं. सर्व्हर बंद करून ठेवला तरी डिजिटलओशनचं बिल चालू राहतं, पूर्ण काढून टाकेपर्यंत. ईमेल पाठवण्याचं २५ नंबरचं पोर्ट बंद असतं. हे बहुतेक सगळीकडेच तसं आहे, आणि मेल पाठवायला वेगळी सेवा घेणंच बरं. मोफत मदत तिकिटावरून मिळते, फोन करून कुणाला उठवता येत नाही. एडब्ल्यूएसच्या मोफत पातळीवर तर बिल आणि खातं एवढ्यापुरतीच मदत मिळते. आणि साध्या सर्व्हरचे कोर इथेही सामाईकच असतात. आमच्या गर्दीच्या वेळी स्टील टाइम एक-दोन टक्क्यांच्या वर गेलेला दिसला नाही, पण तो मी अजूनही रोज नोंदवते. वाढला तर स्वतंत्र कोरचा महाग प्रकार घ्यावा लागेल.

खातं उघडताना नाव-पत्ता काटेकोर विचारला तर बिचकू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांना ग्राहकाची खरी माहिती पाच वर्षं जपावी लागते.

सगळ्यात जास्त विचार आम्ही बॅकअपवर केला. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एसबीजी२ हे डेटा सेंटर जळून गेलं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता किंवा नव्हताच, त्यांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरची खासगी क्लाउड व्यवस्था गुगलकडच्या चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. पुन्हा उभं राहायला जी मदत झाली, त्यात दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपचाही वाटा होता. इतक्या मोठ्या कंपन्यांकडे हे होऊ शकतं, तर आमच्या ८० जीबीची काय कथा. डिजिटलओशनचा साप्ताहिक बॅकअप सर्व्हरच्या किमतीच्या २० टक्क्यांत मिळतो. तो आम्ही घेतलेला आहे, पण तो त्याच खात्यात राहतो. खातंच गोठलं तर तोही गोठला.

म्हणून दुसरी प्रत हेट्झनरच्या स्टोरेज बॉक्सवर. तिथे एक टीबी जागा महिन्याला काही युरोंत मिळते आणि बोर्ग, रेस्टिक ही बॅकअपची साधनं थेट चालतात. जे अंतर पावतीला चालत नव्हतं, ते बॅकअपला अजिबात आडवं येत नाही. रात्री अडीचला डेटा जर्मनीत पोचायला दहा मिनिटं जास्त लागली म्हणून कुणाचं काही अडत नाही. उत्पादकांची नावं आणि बँक खात्यांचे क्रमांक त्यात असतात, म्हणून सर्व्हरवरून निघण्याआधीच सगळं कूटबद्ध होतं. किल्ली एक माझ्याकडे आणि एक मामेभावाकडे, दोन वेगळ्या घरांत. ज्या माणसांचे हे क्रमांक आहेत त्यांना आम्ही ओळखतो. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला नसता तरी आम्ही हेच केलं असतं.

आणि हा बॅकअप खरा आहे का, ते दर महिन्याच्या मधल्या बिलानंतर तपासतो. बेंगळुरूलाच एक नवा सर्व्हर उभा करायचा, जर्मनीतली प्रत त्यावर उतरवायची आणि तिच्यावरून १ ते १० तारखेचं बिल पुन्हा काढायचं. संस्थावार एकूण लिटर आणि एकूण रुपये चालू सर्व्हरच्या आकड्यांशी पैशापर्यंत जुळले पाहिजेत. जुळले की सर्व्हर काढून टाकायचा. एका दुपारचं काम, आणि वापरलेल्या वेळेपुरतंच बिल असल्यामुळे खर्च एका चहाच्या आसपास. या सवयीचा दुसरा फायदा असा, की उद्या बेंगळुरू सोडून मुंबईला जायचं ठरलं तर लागणाऱ्या सगळ्या आज्ञा एका फाइलीत तयार आहेत. पुरवठादार निवडताना मी आता हे विचारतेच: इथून निघायला मला किती वेळ लागेल? आमच्या बाबतीत उत्तर आहे एक दुपार, सकाळचं संकलन आटोपल्यापासून संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत. डिजिटलओशनचं बेंगळुरू आम्ही निर्धास्तपणे वापरतो, त्यात या उत्तराचाही वाटा आहे. संस्था वाढून दोन-अडीचशेवर गेल्या की मुंबईच्या तीन क्षेत्रांचा हिशोब पुन्हा मांडणार आहोत, आणि तेव्हाही दोन आठवडे, सकाळी सहा ते आठ, व्हीएमस्टॅट लावूनच.